सात-वीसच्या गाडीतली सलोमीबाई

वर्ध्याहून अल्लीपूरला जाणाऱ्या सकाळी सात-वीसच्या एसटीत सुटे पैसे नसले तरी एकवेळ भागतं. पण जवळ एखादी चांगली बातमी नसेल, तर तिकीट हातात पडणं कठीण. निदान माझ्या पहिल्या दिवशी तरी पडलं नाही.

माझी अल्लीपूरच्या शाळेत नुकतीच बदली झाली होती. मन नसताना झाली होती, त्यामुळे चेहरा जसा असायला हवा तसाच होता. मी शाळेची बदलीची ऑर्डर मांडीवर घेऊन खिडकीजवळ बसलो. समोर खाकी साडीतली, पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी कंडक्टरबाई येऊन उभी राहिली. गळ्यात तिकिटाचं मशीन, त्याच्यावर बारीकसा क्रूस आणि डोळ्यांत अशी लकाकी, की मला वाटलं, ही आपल्याला ओळखते.

"अल्लीपूर एक," मी म्हणालो.

"देतो नं. पण आज काय चांगलं झालं, मास्तर?"

"काही नाही."

"असं कसं व्हईन! चहा पेले का?"

"प्यायलो."

"गरम व्हता?"

"होता."

"मंग!" असं म्हणून बाई गर्रकन वळल्या आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ऐका हो! आजचं शुभवर्तमान! नवीन मास्तरले गरम चहा भेटला!"

मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या. मी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. ते उलटं धरलं होतं हे वायगावच्या फाट्यावर कळलं.

ही सलोमीबाई. नाव बायबलातलं. गाडीतल्या म्हाताऱ्या तिला 'सलामीबाई' म्हणतात, आणि अल्लीपूरची गोदाआजी तर सरळ 'सुलोचना'. सलोमीबाई सगळ्या नावांना ओ देते. बोलणं अस्सल वऱ्हाडी. आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी येतो' म्हणतात, तशी ती म्हणते. गाडी सुटण्याआधी ती एक क्षण डोळे मिटते, "चाल, बापा!" म्हणते आणि दोनदा घंटी मारते. हे ती देवबापाला म्हणते. ड्रायव्हर गुलाबरावांना मात्र ते आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटायचं. ते तिच्याहून दहा वर्षांनी लहान. दोन वर्षं रोज मान डोलवून त्यांनी तो मान घेतला. खरा प्रकार कळल्यावरही ते मान डोलवतच राहिले. सवय लागली होती.

शुभवर्तमान हा शब्द मी एकदा तिला विचारला. ती बाकाच्या कडेवर टेकली आणि खुलली.

"आमच्या पुस्तकात चार जणांनं लिवलं नं, मास्तर, शुभवर्तमान. मोठ्या मोठ्या गोष्टी त्यायनं लिवून ठेवल्या. लहान लहान राहून गेल्या. त्या मी सांगतो!"

आणि काय काय सांगायची! गोदाआजीचा एकादशीचा साबुदाणा मोकळा झाला. कॉलेजच्या पोरीचा हरवलेला मोबाईल दळणाच्या डब्यात सापडला. कोणाच्या तरी म्हशीला जुळी पारडं झाली. कपाशीच्या पऱ्हाटीला पहिलं बोंड फुटलं. "देव काही झोपला नाई, हे पाहा!" हे तिचं पालुपद. पण कोणाला देव बदल म्हणून तिने कधी सांगितलं नाही. गोदाआजीने देवीचा अंगारा पुढे केला तर ती तो आजीच्याच कपाळाला लावून द्यायची आणि म्हणायची, "तुह्यावर शोभते, आजी."

सगळ्यात धोक्याचा प्रकार नीलकंठाचा. तारेवर तो निळा पक्षी दिसला की बाईंचा स्वतःवरचा ताबा सुटायचा. "उजवीकडे! उजवीकडे! अरे पाहा नं, कसा रंगवला त्यानं!" साठ माणसं एकदम उजवीकडे झुकायची, गाडीही झुकायची, आणि गुलाबराव दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लोंबकळायचे. हे गुलाबराव एवढे अबोल, की त्यांचा आवाज आमच्यापैकी कोणी ऐकला नव्हता. जे बोलायचं ते हॉर्नने.

महिन्याभरात माझी पंचाईत झाली. सकाळी दाढी करता करता मी चांगली बातमी शोधू लागलो. बायको म्हणाली, "तुम्ही हल्ली आंघोळीच्या पाण्याचंही कौतुक करता. बरं आहे ना?"

हे सगळं एका माणसाला मात्र खपत नव्हतं. दुसऱ्या बाकावर एक सफारीवाले काका बसत. जाड चष्मा, मांडीवर पिशवी. रोज सलोमीबाईने विचारायचं, "काका, आज काय चांगलं?" आणि रोज काकांनी म्हणायचं, "तिकीट द्या." असं महिनाभर चाललं. एका सोमवारी काकांनी तक्रारवही मागवली. बाईंनी ती स्वतः आणून दिली, वर पेनही दिला. काकांनी वही नाकाजवळ धरून लिहिलं, की सदर महिला वाहक प्रवाशांना आज चांगले काय झाले असे विचारून त्रास देते व गाडीत देवाचा प्रचार करते.

डेपोच्या साहेबांनी त्याच दिवशी बाईंना बोलावून सांगितलं, की गाडीत फक्त तिकिटाचं बोलायचं.

मंगळवारी मी चढलो. "अल्लीपूर एक," म्हणालो. तिकीट हातात आलं. बस्स! मी वाट पाहत राहिलो. बाई पुढे सरकल्या.

"बाई, आज चहात आलं होतं," मी हळूच म्हणालो.

"मी वर्दीतली बाई हाय, मास्तर," ती तितक्याच हळू म्हणाली. "साहेबाचा हुकूम तं हुकूम. काई करू नोका."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस ती गाडी म्हणजे दवाखान्याबाहेरचा बाक झाली. तारेवर नीलकंठ बसलेला दिसला, साठ माणसांनी तो पाहिला आणि कोणी काही बोललं नाही. बाई तोंड घट्ट मिटून उभी होती. गोदाआजीने तर चिडून तिकीटच काढायला नकार दिला. "सुलोचने, तू काऊन बोलत नाईस? मी काई केलं का?" बाईने नुसती मान हलवली आणि आजीची पिशवी बाकाखाली सरकवून दिली.

शुक्रवारी वायगाव सोडून आम्ही पुढे आलो आणि मोकळ्या रस्त्यात, दोन्ही बाजूंना तूर उभी असताना, गाडी कडेला घेऊन गुलाबरावांनी ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. आम्हाला वाटलं, टायर गेलं. गुलाबराव सीटवरच मागे वळले. मिशा थरथरत होत्या. आणि त्या एवढ्या मिशांखालून एकदम बारीक, पोरासारखा आवाज आला.

"बाई, माह्या पोरीले नोकरी लागली."

सगळे बाकांवरून पुढे वाकले.

"नर्सची. मंगळवारीच कळलं. तीन दिवस झाले... तुमी विचारूनच नाई राह्यल्या. म्या कोनाले सांगू?"

सलोमीबाईने तोंडावर हात ठेवला. डोळे भरून आले, पण हुकूम तो हुकूम! ती एक शब्द बोलेना. नुसती कधी गुलाबरावांकडे बघे, कधी आमच्याकडे, आणि पायाची टाच आपटत राही. तेवढ्यात गोदाआजी उठली. बाकाचा दांडा धरून, पदर खोचून तिने आरोळी ठोकली.

"ऐका होऽऽ! डायव्हरच्या पोरीले नोकरी लागलीऽऽ!"

काय सांगू! टाळ्या, शिट्ट्या, एकच कल्ला! कोणीतरी पिशवीतली संत्री वाटली. मी, गणिताचा शिक्षक, बाकावर चढून टाळ्या वाजवत होतो. माझ्याच शाळेतल्या दोन मुली ते तोंडात बोट घालून बघत होत्या. सलोमीबाई जाऊन गुलाबरावांच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मग दुसऱ्या बाकावरचे सफारीवाले काका उठले.

"अभिनंदन," ते गुलाबरावांना म्हणाले. खाली बसणार होते, बसले नाहीत. "माझं... मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं बुधवारी. काल पट्टी निघाली." त्यांनी चष्मा काढला, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की तो नवा होता, काळा. "महिनाभर मी तारीख मोजून राहिलो होतो. डोळा जातो का राहतो, हीच धास्ती. अन् या बाई रोज विचारायच्या, आज काय चांगलं. माझं डोकंच फिरायचं."

"अन् आता?" गोदाआजीने दरडावून विचारलं.

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तुरीचे फूल पिवळे हायत," ते म्हणाले. "दिसून राह्यले."

त्याच दिवशी काका स्वतः साहेबांकडे गेले. आम्ही चाळीस जणांनी सह्या केलेला अर्ज त्यांच्या हातात होता. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, "चालू द्या बाप्पा. पण गाडी रस्त्यात थांबवू नका."

गुलाबरावांनी पेढे आणले ते शनिवारी. नेमकी त्या दिवशी सलोमीबाईची सुट्टी. मी वर्ध्यातच राहतो, म्हणून तिच्या वाटच्या पेढ्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी चारच्या सुमारास विचारत विचारत मी तिच्या घरी गेलो. स्टेशनच्या पलीकडे दोन खोल्या. मला वाटलं होतं, घर गजबजलेलं असेल, आठ-दहा पोरंसोरं, रेडिओ. आत कोणीच नव्हतं. भिंतीवर एका माणसाचा हार घातलेला फोटो होता. बाई पांढऱ्या साडीत, चर्चहून आलेली, एकटीच खुर्चीत बसली होती. मला पाहून ती इतकी गडबडली, की आधी दुसरी खुर्ची कुठे आहे तेच तिला आठवेना. शेवटी ती खुर्ची कपड्यांच्या घड्यांखाली सापडली.

पेढा खाताना मी सहज म्हणालो, "बाई, तुमचा स्वभाव जन्मापासूनच असा आनंदी का हो?"

ती हसली. मग तिने फोटोकडे पाहिलं.

"स्वभाव नाई, मास्तर. हे दोन वर्षं खाटेवर व्हते. मी किती मागतलं देवाले! चर्चच्या मंडळीनं उपास केले. तरी गेले. मंग मी त्याच्याशी अबोला धरला. चार वर्षं. चर्चमंदी जात व्हती, गाण्यात तोंड हलवत व्हती. पण आतून एक शब्द नाई."

"मग?"

"एक दिवस गाडीत एक म्हातारी उतरता उतरता परत फिरली. भाजलेले हरबऱ्याचे घाटे व्हते तिच्या पदरात. मूठभर माह्या हातावर ठेवले अन् गेली. वळख ना पाळख. हात असा गरम झाला, मास्तर! माह्या तोंडातून निघून गेलं, 'बापा, हे पाय.' मंग ध्यानात आलं, मी कोनाशी बोलली ते." तिने आपल्या तळहाताकडे पाहिलं. "तो काई रागावला नवता. मीच व्हती रुसून. तवापासून रोज त्याले काई ना काई दाखवतो. पण एकटीले दिवसभराचं पुरत नाई, म्हणून तुमाले सगळ्यायले विचारत राहतो. त्या तीन दिवसात लय भेव वाटलं मले. वाटे, तो अबोला परत येते का काय."

मी फोटोकडे बघत बसलो.

"बसा, चहा ठेवतो," म्हणून ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला, स्टो पेटल्याचा आला. मग हळू, घरच्या माणसाशी बोलावं तसा तिचा आवाज ऐकू आला. गाडीतला मोठा आवाज नव्हे, दुसराच.

"बापा, पाह्यलं का? आज आपल्याकडे कोणी तरी आलं."

बायकोला मी पाचला परत येतो म्हणून सांगून आलो होतो. बाई चहा घेऊन आली, तेव्हा पाच वाजायला आले होते. मी एक कप संपवला आणि म्हणालो, "बाई, अजून एक कप होईल का?"