वेदीपुढची पिशवी

तिसरी शिफ्ट संपवून चाकणहून थेट काळेवाडीच्या चर्चमध्ये येताना प्रितम साळवेची देवाकडे एकच मागणी होती, ती म्हणजे झोप. आज हंगामाचा सण. मंडळीत कुणाचंच शेत उरलेलं नव्हतं, सगळे कंपन्यांत. तरी पिंपरीच्या मंडईतून विकत आणलेलं पीक देवाला वाहायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा, ही बापजाद्यांची रीत काही सुटली नव्हती. बायको मिनल कालच देहूरोडला माहेरी गेली होती. जाताना तिने बजावलं होतं, "भोपळा तेवढा विसरू नका. बस मिळाली तर मी तिकडूनच चर्चला येते."

प्रितमने वेदीपुढच्या टेबलावर भोपळा ठेवला. ठेवताना डब्याची पिशवी शेजारी टेकवली, ती तिथेच राहिली. मागच्या बाकावर बसल्याबसल्या तो घोरायला लागला.

जाग आली ती टाळ्यांनी. सेक्रेटरी यशवंतकाका त्याचीच पिशवी उंच धरून उभे होते.

"नाव नाही, गाव नाही, चेन बंद! कुणीतरी गुप्तदान दिलंय!"

"उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये, ते हेच," पाळकसाहेब गहिवरले. त्यांनी देणाऱ्यासाठी लांबलचक प्रार्थना केली. सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. प्रितमलाही म्हणावं लागलं.

आता कुठल्या तोंडाने सांगणार, की दान कसलं, आत रात्रीचा खरकटा डबा आहे, घामट मोजे आहेत आणि घराची एकुलती एक किल्ली आहे? किल्ली नाही तर घर नाही, घर नाही तर झोप नाही. त्यापेक्षा आपलीच पिशवी गुपचूप विकत घ्यावी! त्याने मुकाट्याने हात वर केला.

"मागचा बाक, शंभर!" यशवंतकाका ओरडले.

"दोनशे!" बायकांच्या बाजूने, खांबाआडून अंबुबाई कडाडली. तिला माईक लागत नसे.

प्रितमने पुन्हा हात वर केला. ती पाचशेवर गेली. शेजारचा सनी कानाशी लागला.

"प्रितमभाऊ, आत काय आहे राव?"

"काही नाही रे."

"काही नाही अन् एवढे चढताय? येडा समजता का?" सनीने लगेच हात वर केला. "सातशे!"

त्याचं बघून पुढचे दोन बाक जागे झाले. कुणी म्हणालं, आत चांदीचा पेला आहे. कुणी म्हणालं, परदेशी घड्याळ. आकडा दीड हजारावर गेला तेव्हा सगळे गळाले. उरले फक्त प्रितम आणि अंबुबाई. ही म्हातारी कुठल्या जन्माचं वैर काढतेय, तेच त्याला कळेना.

"अडीच हजार!" खांबाआडून आवाज आला.

कुलूपवाला तीनशेत कुलूप तोडून देतो, ही अक्कल प्रितमला तेव्हा सुचली. हात उचलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"एकवार, दोनवार, तीनवार! अंबुबाई!"

टाळ्या झाल्या. तो बाहेर जाऊन पायरीवर डोळे मिटून बसला. कुणीतरी खांदा हलवला. समोर मिनल, हातात पिशवी.

"ही तुझ्याकडे कशी?"

"हळू बोला! आत शिरते तर काका आपलाच डबा नाचवतायत. तुम्ही तो धुतलेला नसणार, हे काय मला माहीत नाही? चारचौघींत उघडला असता म्हणजे! मला काही ओरडायचं धाडस होईना, म्हणून अंबुबाईंना पुढे केलं."

प्रितमने तिच्या हातातली पिशवी घेतली.

"शंभरात सुटला असता हो! पण मागच्या बाकावरचा एक मेला सारखा चढवत होता. खांबामुळे दिसला नाही. कोण होता तो?"

प्रितमने पिशवीतून किल्ली काढली आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"जाऊ दे गं. पाळकसाहेब म्हणालेत ना, उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये."