याला गाणं नाही

आयर्लंडमधल्या डंडॉक गावच्या सुपरमार्केटात ब्रोकोलीचा गड्डा हातात घेऊन, चारी बाजूंनी न्याहाळून, "याला गाणं नाही," असं म्हणत परत ठेवणारा माणूस दिसला, तर तो आमचा काशिनाथ समजावा.

काशिनाथ जव्हारकडचा वारली. माझ्याच ऑफिसात सॉफ्टवेअरमध्ये आणि राहायला माझ्या खालच्या मजल्यावर, एकटाच. त्याच्या गावी म्हणे नागलीला, कंदांना, रानभाज्यांना, सगळ्यांना गाणी आहेत, आणि गाण्याशिवाय शिजवलेलं अंगाला लागत नाही. मी पुण्याची. आमच्याकडे जेवताना फार तर पदार्थाला नावं ठेवतात.

बटाट्याला मात्र इथं आल्यावर त्यानं स्वतःच गाणं रचलं. "ज्यांच्या देशात राहायचं, त्यांच्या अन्नाला गाणं नाही, हे बरं दिसत नाही, ताई." शेजारच्या आयरिश आजींना त्यानं ते अर्थासकट ऐकवलं. त्या 'ग्रँड' म्हणाल्या. तेव्हापासून त्याच्या बोलण्यात जरा राजकवीचा थाट आला.

२०२०च्या नोव्हेंबरात त्याच्या भावानं गावाहून नवे तांदूळ पाठवले. पिशवी ओट्यावर तशीच पडून. मी चौकशी केली, तर म्हणाला, तारप्यावर नाचल्याशिवाय नवा भात खायचा नाही. तारपा म्हणजे भोपळ्याचं लांबलचक वाद्य. वाजवणारा मधे उभा राहतो, बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरतात, आणि वाजणाऱ्या तारप्याकडे कुणी पाठ करायची नाही. दरवर्षी डब्लिनहून मित्रमंडळी यायची. यंदा लॉकडाउन, पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी, कुणाच्या घरात पाऊल टाकायलाही बंदी. मी म्हटलं, सरळ कुकर लावा आणि मोकळे व्हा. तो पास्ता खात राहिला.

एका रविवारी दुपारी खालून घुमणारा आवाज आला. खिडकीतून पाहिलं, तर पार्किंगमध्ये काशिनाथ तारपा फुंकत उभा. भोवती घरातल्या खुर्च्या गोल मांडलेल्या, सगळ्या त्याच्याकडे तोंड करून. एरवी मी हसले असते. त्या दिवशी जाकीट चढवून खाली गेले आणि खुर्च्यांच्या बाहेरून, अंतर राखून, एकटीच फेर धरला.

बराच वेळ झाला. भुरभुर पाऊस, पाय बधिर. घरी जायचं, तर पाठ फिरवायची सोय नाही. मी त्याच्या थांबण्याची वाट पाहू लागले. त्याचे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, दम पार संपलेला, तरी हा थांबेना.

"पुरे आता," मी म्हटलं. "छाती फुटेल."

त्यानं तारपा तोंडापासून जरासा दूर केला. "थांबलो की तुम्ही जाल, ताई."

मी एक खुर्ची लांब ओढली आणि त्याच्याकडे तोंड करून बसले. "भात इथंच आणा. मी कुठं जात नाही."

तो कुकर लावायला निघाला. दारापर्यंत पाठ न फिरवता, उलटा चालत गेला.