पहिल्या नंबराची मोटार

लाईट आली आणि आबासाहेबांची विहिरीवरची मोटार आपोआप चालू झाली. चहाचा कप ओट्यावर आपटून ते बागेकडे धावले, कारण ऐन मे महिन्यात त्यांनी पेरूला ताण दिला होता. ताणात झाडाला पाण्याचा थेंब दाखवायचा नसतो. पानं पिवळी पडून गळाली, की मग मृगाला पाणी सोडायचं. बाग कळ्यांनी लगडते. मधेच पाणी गेलं तर झाड नुसता पाला काढतं आणि वर्षाचा बहार बुडतो. राहात्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं, मोटारीला मात्र कळत नव्हतं.

आबासाहेबांनी स्टार्टरचं लाल बटण दाबलं. ते घरी पोचायच्या आत मोटार पुन्हा चालू. पुन्हा बंद केली, पुन्हा चालू. तिसऱ्या फेरीला एक चप्पल चिखलात रुतून राहिली आणि डोक्याचा तर केव्हाच भडका उडाला होता.

"अहो, फ्यूज काढून ठिवा की," त्यांच्या पत्नी बनुबाई म्हणाल्या.

"माझ्या मोटारीचा फ्यूज मी का काढू? चोर सोडून संन्याशाला फाशी व्हय?"

चोर कोण, ते त्यांनी ठरवून टाकलं होतं. वरच्या अंगाला बांधाला बांध लागून असलेला बिभीषण! यात्रेतला पहिला नारळ असो की लग्नातला पहिला फेटा, त्या मानावरून दोघांचं हाडवैर. पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याने, करणने, गावच्या मोटारी मोबाईलवरून चालवायचं ॲप केलं, तेव्हाही "पहिलं नाव माझं!" म्हणून आबासाहेबांनी त्याला दम भरला होता. बिभीषणाचं नाव दुसरं लागलं आणि तो बरेच दिवस करणशी बोलला नव्हता. ते ॲप गावात सुरू होऊन आज पहिलाच दिवस होता.

आबासाहेब एका चपलेनिशी बांधावर चढले. बिभीषण मोबाईलवर बोट आपटत उभाच होता.

"माझी बाग बुडवतोस व्हय रं?"

"तोंड सांभाळा आबासाहेब! मी माझी मोटार चालू करतोय. मका वाळाया लागलीय, मघापासनं बटन दाबतोय, पर मोटार काय हालंना!"

त्याने रागाने पुन्हा बटण दाबलं. खाली आबासाहेबांची मोटार घरघरली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आबासाहेब तसेच माघारी फिरले, मोटार बंद केली आणि घरी जाऊन करणला फोन लावला.

"काका, ॲपमध्ये मोटारीचं नाव विचारलं होतं. तुम्ही काय टाकलंत?"

"विहीर. दुसरं काय टाकनार? मोटारीचं बारसं करतंय व्हय कुनी?"

"सगळ्यांनी विहीरच टाकलंय," करणचा आवाज बारीक झाला. "प्रोग्राम नाव शोधत वरून खाली येतो. पहिली विहीर सापडली की थांबतो, पुढं बघतच नाही. मालक कोण तेही बघ, असं सांगायचं माझ्याकडून राहिलं."

"म्हंजी गावात कुनीबी बटन दाबलं, तर मोटार माझी?"

"पहिलं नाव तुमचंच आहे ना, काका."

यावर आबासाहेबांनी असा आवाज लावला, की फोन नसता तरी पुण्याला ऐकू गेला असता. करणचं शिक्षण, त्याची कंपनी, त्याला ॲप करायची दुर्बुद्धी देणारा देव, सगळ्यांचा उद्धार झाला.

"रविवारी बसून दुरुस्त करतो," करण कसाबसा म्हणाला. "तोवर तुमचं नाव सगळ्यात खाली टाकू?"

"खाली? माझं?" आबासाहेब पुन्हा पेटणार, एवढ्यात थबकले. "मग पहिलं कोन व्हईल?"

"बिभीषणकाका."

"टाक. आन् रविवारपतुर कुनाला बोलू नगं."

संध्याकाळी पारावर आबासाहेबांनी बिभीषणाच्या हातात नारळ दिला. "आजपासनं पहिला नंबर तुझा. तुझा मान मी अडवून धरला, चुकलं माझं."

बिभीषणाला हुंदका आवरेना. एवढा मान मिळाल्यावर तो पाहुण्यांना सांगितल्याशिवाय कसा राहील? मोटार आता मोबाईलवर चालतेच आहे म्हणून त्याने स्टार्टरच्या खोलीला कुलूप घातलं आणि बायकोला घेऊन तो तिसगावला सासुरवाडीला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी लाईट आली. आबासाहेबांची मोटार गप्प होती. वरच्या अंगाला बिभीषणाची सुरू झाली.

"दाबा लेकांनो, दाबा!" आबासाहेब मांडी थोपटून हसले आणि सावकाश चहा प्यायले.

गावाने मनापासून दाबलं. मका तुडुंब भरली. पाणी धरायला वर कोणीच नव्हतं, तेव्हा ते पाट फोडून उताराला लागलं. उतार आबासाहेबांच्या पेरूकडे होता, तो आजोबांच्या काळापासून तसाच होता. रागाच्या भरात एवढंच ध्यानात राहिलं नव्हतं.

फावडं घेऊन ते बांधावर धावले. एकीकडे माती ओढत त्यांनी फोन लावला. "बिभीषन, मोटार बंद कर आधी!"

"केली केली!" तिकडून आनंदी आवाज आला. "आबासाहेब, तुमी मान दिला त्येच सांगत हुतो पावन्यांना."

मोटार थांबली. आबासाहेबांनी घाम पुसला. तेवढ्यात गावात कुणाचं तरी बोट पडलं आणि कुलपाआड मोटार पुन्हा घरघरली.

बांध फुटला. पेरूच्या पहिल्या ओळीत पाणी शिरलं, मग दुसऱ्या. बनुबाई पदर खोचून पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

"आता कुनाचा फ्यूज काढता?"