घरात गंजलेलं काही हाय का?

आमचे साडू नागोराव कोणाच्याही घरी गेले की चपला काढता काढता विचारतात, "घरात गंजलेलं काही हाय का?" पाणी नंतर, खुशाली नंतर. स्वतःसाठी मुलगी बघायला आले तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. मी थोरला जावई म्हणून गादीवर लोडाला टेकून बसलो होतो. मला वाटलं, संपलं. मामा, म्हणजे आमचे सासरे, आता या माणसाला वाटेला लावणार. मामा उठले, आत गेले आणि एक गंजकी करवत घेऊन बाहेर आले. नागोरावांनी ती मांडीवर घेतली, तिच्या दातांवरून हळूच अंगठा फिरवला आणि म्हणाले, "निघतंय." पोहे तसेच गार झाले. त्यांनी मुलीकडे पाहिलं की नाही, हे माझी मेव्हणी सुमन अजूनही खात्रीनं सांगू शकत नाही. पण लग्न ठरलं, आणि त्या दिवसापासून मला या माणसाचा हेवा वाटतो.

साडू हे नातंच मोठं नाजूक. तोंडानं भाऊ म्हणायचं आणि डोळ्यानं त्याच्या पानातलं तूप मोजायचं. मी ते इमानेइतबारे मोजत आलो आहे. लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या, तेव्हा मी तिथल्या पुरवठा शाखेत कारकून झालो. जिल्ह्याच्या ठिकाणचा माणूस! नागोराव तिकडे देवणीला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. सासरवाडी मुखेडच्या बाजूला, नांदेड जिल्ह्यात. फाट्यावर एसटीतून उतरून अर्ध्या कोसाची पायवाट तुडवली की गाव. माझी इच्छा साधी होती. त्या गावात, त्या घरात, जावई म्हटलं की पहिलं नाव माझं निघावं. एवढ्यासाठी मी इस्त्रीचे कपडे घालून ती पायवाट तुडवत होतो.

आणि नागोराव काय घालून येत? कोपराला ठिगळ लावलेला सदरा. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात कानस, विटकरीच्या भुकटीची पुडी, जवसाच्या तेलाची बाटली आणि जुन्या बनियनचे बोळे. आले की अंगणातल्या लिंबाखाली बसायचे आणि दिवसभर काहीतरी घासत राहायचे. मामांचा रंधा, शेजारच्यांची पटाशी, कोणाचा विळा, कोणाचं गिरमिट. "निघतंय, निघतंय," हे पालुपद चालूच. गंजही निघतंय, गुरांचा तापही निघतंय. दुष्काळाबद्दल कोणी बोललं तरी हेच: "निघतंय की हेबी साल."

गंज काढायची त्यांची पद्धत अशी की हत्यार आधी आंबट ताकात बुडवून ठेवायचं. आता दुष्काळात ताक कुठलं? मामांच्या दावणीला एकच गाय उरली होती, तीही जेमतेम वाटीभर द्यायची. तरी नागोराव येणार म्हटलं की मामी दोन दिवस आधीपासून ताक आंबवायच्या. मी एकदा जेवताना ताक मागितलं. मामी ओशाळून म्हणाल्या, "हाय हो जावईबापू, पर त्यात पटाशी हाय." माझ्या वाट्याचं ताक एक पटाशी पीत होती आणि मी कोरडा भात गिळत होतो. मी घास तोंडात धरून त्या मडक्याकडे बघत राहिलो.

मग मीही हट्टाला पेटलो. लातूरच्या मोंढ्याजवळून हातोडी आणली, खिळे आणले आणि मामांना जेवायला बसायला एक पाट केला. दिसायला देखणा. मामा हौसेनं त्यावर बसले, पोटभर जेवले आणि उठले, तो पाटही त्यांच्याबरोबर उठला. एक खिळा वरून डोकं काढून बसला होता, त्यानं धोतर धरून ठेवलं होतं. सगळं घर हसलं. नागोराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी पाट उलटा केला, खिळा वाकवला आणि मला म्हणाले, "अण्णा, लाकूड मातुर झकास निवडलंय तुमी." त्यांनी टर उडवली असती तर बरं झालं असतं. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार जड जातं. त्याच्यात खोट सापडत नाही आणि आपल्यातली लपत नाही.

पण खरा वार त्यांनी थेट माझ्या घरावर केला. लातूरला आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि बायका घागरी कमरेवर घेऊन धावायच्या. एके दिवशी आमची ही टँकरवरून परत आली ती राणीसारखी. पुढे दोन चाकांची बुटकी लाकडी गाडी, तिच्यात खाचा पाडलेल्या, खाचांत चार घागरी, आणि थेंब सांडत नाही. "सुमनच्या मालकांनी करून पाठवली," ती म्हणाली. "जुन्या पाळण्याच्या लाकडाची हाय म्हणं." गल्लीतल्या बायका गाडीभोवती जमल्या. "तुमच्या मालकांनी केली का वो?" एकीनं विचारलं. आमची ही खरं बोलणारी बाई. मी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं आणि त्यातलं एक अक्षरही वाचलं नाही.

त्याच साली धोंड्याचा महिना आला. अधिकात जावयांना बोलावून धोंडे-अनारशांचं जेवण घालायचं, वाण द्यायचं, आहेर करायचा, ही आपली रीत. विहिरी आटलेल्या, पण मामांनी बोलावणं चुकवलं नाही. जेवणं झाली. मामांनी मला विचारलं, "बोला जावईबापू, काय पाहिजे?" माझ्या मनात मनगटी घड्याळ होतं. पण थोरल्या जावयानं आधी नको म्हणायचं असतं, सासऱ्यानं आग्रह करायचा असतो. मी म्हणालो, "कशाला उगीच? काही नको." मामा आग्रहासाठी तोंड उघडणार, तेवढ्यात नागोराव म्हणाले, "मामा, मला त्यो आढ्याला खोचलेला वाकस द्या."

लाकूड तासायचा तो जुनाट वाकस. गंजून तांबडा झालेला, दांडा किडलेला. मामांच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की विचारू नका. त्यांनी स्वतः शिडी लावून तो खाली काढला आणि दोन्ही हातांनी दिला. आता यानंतर मला घड्याळाचा आग्रह कोण करणार? मला टॉवेल-टोपी मिळाली.

मी रुसलो. रीतसर रुसलो. पिशवी उचलली, कोणाशी न बोलता निघालो आणि वेशीतल्या पारावर जाऊन तोंड फिरवून बसलो. थोड्या वेळानं मामा आलेच. "उठा जावईबापू, लोकं हसायलीत," म्हणाले. मी आणखी थोडा फुगलो. मग त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि मी त्यांच्या मागून घरी गेलो. सुखानं गेलो, खोटं कशाला सांगू? दारात नागोराव उभे होते. ते आमच्याकडे अशा नजरेनं बघत होते की मला वाटलं, हसू दाबतायत.

ती नजर मला हिवाळ्यात कळली. कचेरीनं मला देवणीला गुरांच्या छावणीचा चारा बघायला पाठवलं. काम उरकून मी नागोरावांच्या घरी गेलो. त्यांच्या पडवीची एक अख्खी भिंत हत्यारांनी भरली होती. ते एकेकावर हात ठेवून सांगत गेले. हे लोहा गावच्या सुताराचं, हे उदगीरच्या मिस्त्रीचं, हा मामांचा वाकस. वाकसाचं पातं आरशासारखं झालं होतं, नवा दांडा तेल पिऊन चमकत होता.

"आणि तुमच्या घरचं कोणतं?" मी विचारलं. जरा टोचायलाच विचारलं.

"आमचं कुठलं, अण्णा. मोठ्या दुष्काळात बाप हैदराबादेकडं कामाला गेला त्यो आलाच न्हाई. आई त्याच्या आधीच गेल्ती. म्या चुलत्याकडं वाढलो." ते कानस पुसत बोलत होते. "चुलती वाईट नव्हती. पर मला जेव म्हणायचं तिच्या ध्यानातच राहायचं न्हाई. एक दिवस म्या तिचा गंजका अडकित्ता घासून लख्ख करून दिला. तवा म्हणली, बस जेवायला. तवापासून हे करून राहिलो."

मी म्हणालो, "पण आता काय? मामांच्या घरी तुमचा केवढा मान आहे. मला तर तुमचा हेवा वाटतो."

बोलून गेलो. नागोरावांनी कानस खाली ठेवली.

"माझा?" ते म्हणाले. "अण्णा, मला तुमचा वाटतो. धोंड्याला तुमी वेशीत जाऊन बसला आन् मामा मागं आले. तुमी काय केल्तं? काहीच न्हाई. खामखा रुसलता. तरी आले. म्या रुसलो तर कोण येईल का, काय ठाव? म्हणून म्या कधी रुसूनच बघितलं न्हाई. आपलं घासत बसतो."

मी त्यांना तिथल्या तिथे म्हणालो, "पाडव्याला रुसा."

"छ्या!"

"रुसा म्हणतो ना. थोरल्या साडूचा हुकूम आहे."

पाडव्याला आम्ही दोघं सासरवाडीत. ऊन मी म्हणत होतं. पुरणाचा वास सुटला, पानं वाढायला घेतली, तेव्हा मी नागोरावांना खूण केली. ते चोरासारखे मागच्या दारानं निघाले. वेशीत बसायचं धाडस त्यांना झालं नसावं, ते थेट फाट्यावर गेले. सगळे पानावर बसले. मामांनी विचारलं, "नागोराव कुठं?"

"रुसलेत," मी म्हणालो.

सगळे हसायला लागले. सुमनसुद्धा हसली. "ते? रुसायला? बसले असतील कुणाची तरी कुदळ घेऊन. येतील," ती म्हणाली. मामीही म्हणाल्या, "त्यांचं पान झाकून ठेवते." आणि हात पानाकडे गेले. माझ्या मनातलं सांगतो. एक कोपरा खूष झाला. माझ्या रुसण्याला या घरात किंमत होती, त्यांच्या रुसण्यावर कोणाचा विश्वासही बसत नव्हता. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. पण पोळीचा तुकडा काही माझ्याच्यानं गिळवेना.

"मामा, खरंच रुसलेत," मी म्हणालो. "पिशवी घेऊन फाट्यावर गेलेत. गाडी येईल आता."

मामांचा हात थांबला. "कामून रुसले?"

कारण ठरवायचं आम्ही दोघंही विसरलो होतो. "सकाळी मी आंघोळीला सगळं पाणी घेतलं. त्यांना उरलं नाही," मी ठोकून दिलं.

"एवढ्यावरून?"

"माझे रुसवे आठवा मामा. ते काय मोठ्या कारणांवर होते?"

मामा भरल्या पानावरून उठले. सणाच्या दिवशी, पहिला घासही न घेता. डोक्याला पटका नाही, पायात वहाण नाही. मी मागून छत्री घेऊन धावलो, पण त्या वयातही त्यांना गाठणं मला जमलं नाही.

फाट्यावर नागोराव मैलाच्या दगडावर बसले होते. रिकामं बसवेना म्हणून चहाच्या टपरीवाल्याची ढिली संडशी मागून घेतली होती आणि तिचा खिळा ठोकत होते. मामांना पाहताच ते दचकून उठायला लागले. मी मामांच्या पाठीमागून हातानं दाबून खूण केली, बसा, बसा! ते बसले. त्यांना तोंडही नीट फिरवता येईना.

"चला नागोराव. पानं वाढलीत," मामा म्हणाले.

नागोरावांनी मान खाली घातली. मग त्यांनी संडशी बाजूला ठेवली, हात मांडीवर ठेवले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मामांनी ते पाहिलं. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. धुळीतच त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "बरं. रुसा. पाहिजे तेवढं रुसा. म्या हितंच बसतो. तुमच्याबिगर घास खात न्हाई."

उदगीरची गाडी आली. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, "येता का पाव्हणं?" मामांनी हातानंच ती पुढे घालवली. धुरळा खाली बसला तरी दोघं तसेच बसलेले, उन्हात, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. छत्री मी त्यांच्यापाशी टेकवून ठेवली. ती कोणी उघडली नाही.

मी एकटाच घराकडे परत निघालो. माझ्यासाठी मामा वेशीच्या पुढे कधी आले नव्हते.