खिडकीतून धरलेली जागा

मंगळवेढ्याच्या एसटी स्टँडवर सकाळी पावणेनऊला ऋतुजाकडे लॅपटॉप होता, ओळखपत्र होतं, डबा होता. कल्पना तेवढी नव्हती. सोलापूरच्या कॉलेजात अकरापर्यंत कॉम्प्युटरच्या एका साध्या खेळाची कल्पना प्रियदर्शनी मॅडमकडून मंजूर करून घ्यायची होती. नाही झाली, तर प्रोजेक्ट पुढच्या वर्षी.

सोडायला आलेले वडील हिंदुराव मदतीला तयार होते.

"ज्वारी पेरायची, राखायची, काढायची. कर की ह्याचा खेळ."

"त्यात मजा काय, अण्णा?"

"मजा न्हायच. म्हणून तर तुला कॉलेजात घातलंय."

तेवढ्यात एक गाडी आत शिरली आणि फलाटावरची तीसेक माणसं खिडक्यांकडे धावली. रुमाल, टोप्या, उपरणी आत पडू लागली. एका मावशींनी दुधी भोपळा टाकला. हिंदुरावांचा रुमाल वाऱ्यानं परत आला. दुसऱ्या खेपेला तो आधीच पडलेल्या टोपीवर पडला, म्हणजे बाद. मग त्यांनी ऋतुजाच्या पाठीवरची सॅक ओढून घेतली आणि तिसऱ्या खिडकीतून आत सोडली.

"धरली! खिडकीची हाय!"

दार काही उघडलं नाही. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"ओ, गाडी डिझेलला चाललीय! टाकायच्या आदी इचारायचं तरी!"

सगळ्या जागा धरलेली आणि एकही प्रवासी नसलेली गाडी डेपोकडे निघून गेली.

"आलोच घिऊन!" म्हणत हिंदुराव तिच्यामागे पळाले.

नऊला सोलापूरची गाडी लागली. रिकामी. कुणी चढेना.

"चला की, सगळ्या सीटा मोकळ्या हायत," कंडक्टर ओरडला.

"मोकळ्या असून काय उपेग?" मावशी म्हणाल्या. "आमी तितं धरल्यात."

ऋतुजा एकटीच चढली. कंडक्टरकडून कोरा कागद मागून घेतला. सोलापूर यायच्या आत त्यावर एक वाक्य उतरलं होतं: एसटीच्या खिडकीतून वस्तू टाका आणि जागा धरा.

अकराला दहा कमी असताना मॅडमनी ते वाचलं.

"छान आहे. भोपळ्याला जास्त गुण ठेव, तो वाऱ्यानं उडत नाही."

"हो मॅडम."

"पण जिंकतो कधी ते कळलं. हरतो कधी? हरता येत नसेल, तर तो खेळ नाही. मला मंजूर करता यायचं नाही."

ऋतुजानं कागदावर दोन नियम लिहिले आणि दोन्ही खोडले. अकराला दोन मिनिटं उरली आणि फोन वाजला.

"वडलांचा आहे, मॅडम. माझी सॅक त्यांच्याकडं आहे."

"घे."

हिंदुरावांच्या आवाजाला स्पीकरची गरज नव्हती.

"सॅक गावली गं! डिझेल भरून गाडी परत फलाटावर लागली, तर सगळ्यांच्या आदी मीच आत! खिडकीची सीट हाय. निघून तास झाला. लई गार वारा लागतोय!"

"गाडी कुठली हाय, अण्णा?"

पलीकडून हिंदुरावांचा आवाज आला, पण तो शेजारच्या प्रवाशासाठी होता.

"पाव्हणं, ही कुटं चालली म्हणायची?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर सही केली.