पोहोचलो की फोन करतो

वाळवंटात माणूस पाण्यावाचून मरत नाही. तो नियोजनावाचून मरतो. हे गंभीर सत्य आमच्या रोडहाऊसच्या, म्हणजे हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंप-खाणावळीच्या, भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेलं आहे. (पाण्याच्या बाटल्या त्याच्याच खाली विकायला ठेवल्या आहेत.)

गेली बारा वर्षं मी इथल्या स्वयंपाकघरात अंडी तळतो. मालक मर्व्ह, मालकीणबाई नॉरीन. पुढचं रोडहाऊस कीथचं, दोनशे सत्तर किलोमीटरवर. मधे लाल वाळू आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन गाड्या.

म्हणून आमच्या काउंटरवर एक वही असते. प्रवाशानं नाव लिहायचं, कीथकडे पोहोचल्यावर आम्हाला फोन करायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन आला नाही तर मर्व्ह शोधायला निघतो. आजवर एक्केचाळीस शोधमोहिमा झाल्या. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बेपत्ता माणसं कीथच्या बारमध्ये सुखरूप सापडली. (दोघांनी तक्रार केली, की मर्व्हच्या गाडीची धूळ बर्गरवर बसली.)

आधी कीथलाच फोन का करत नाही, असं बाहेरची माणसं विचारतात. त्यांना अकरा वर्षांपूर्वीच्या डार्ट्सच्या सामन्याची कल्पना नसते. तेव्हापासून विजेत्याची ढाल कीथकडे आहे आणि संबंध कुणाकडेच नाहीत.

यंदा जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, क्लाइव्ह एलफिक आला. ॲडलेडचा निवृत्त सुरक्षा अधिकारी. इंटरनेटवर त्याच्या ‘वाळवंट प्रवासाच्या एकशेबारा सूचना’ प्रसिद्ध आहेत. पहिली : गाडी सोडू नका. सातवी : कुठं जाताय ते सांगून जा. त्यानं वहीत सुंदर अक्षरांत रक्तगटासकट सगळं लिहिलं.

“पोहोचलो की लगेच फोन करतो, नॉरीनबाई.”

“सगळे असंच म्हणतात.”

“मी सगळ्यांतला नाही. मी सूचना लिहितो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मर्व्हनं गाडीत बिअरचे चार डबे आणि बर्फ टाकला.

“अरे, पाणी घे. आणि वहीत नाव लिही,” नॉरीन म्हणाली.

“वही पाहुण्यांसाठी असते गं. एकतीस वर्षं राहतोय मी इथं. वाळवंट मला ओळखतं.”

तो गेला आणि त्याचाही फोन आला नाही. आम्ही घाबरलो नाही. एक्केचाळीस वेळांचा अनुभव होता : ज्याचा फोन येत नाही तो बिअर पीत असतो. शिवाय वहीत मर्व्हचं नावच नव्हतं. नियमानुसार तो निघालेलाच नव्हता.

मर्व्ह निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी नॉरीननं दोन कप चहा केला, दुसऱ्या कपाकडे बराच वेळ पाहिलं आणि जाऊन फोन उचलला.

“कीथ, मी नॉरीन.”

“ढाल मिळणार नाही.”

“घाल चुलीत ती ढाल! मर्व्ह आहे का तिथं?”

“इथं? नाही. या खेपेला त्याची धूळही आली नाही.”

“आणि क्लाइव्ह?”

“तो कालच गेला. रोज दोन बर्गर खायचा. ढेकर देऊन फोनकडे बघायचा, म्हणायचा, कुणाला तरी फोन करायचाय.”

कीथ लगेच निघाला. चाळीस किलोमीटरवर त्याला मर्व्ह दिसला : गाडीचा आस तुटलेला, स्वतः गाडीखालच्या सावलीत, ओठ सोललेले, बर्फाचं पाणी संपून दीड दिवस झालेला. त्यानं गाडी सोडली नव्हती. (सूचना क्रमांक एक. कारण : दुखरा डावा गुडघा.)

“ढाल आणलीस?” मर्व्हनं विचारलं म्हणे.

क्लाइव्हच्या यादीत आता एकशेतेरावी सूचना आहे : ‘काळजी करू नका, स्थानिक लोक शोधायला येतात.’ ती चाळीस हजार जणांना आवडली.

तुम्ही असे नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही पोहोचलात की नक्की फोन कराल. वहीतल्या प्रत्येक नावासमोर तसं लिहिलेलं आहे.

क्लाइव्हचा फोन अजून आलेला नाही.