थोरल्या आईसाहेबांच्या गूळतुलेची हकीकत

गजानन डोईवर, भवानी पाठीशी, आणि तुम्ही गडी समोर. मध्ये कोणी बोलू नका, हकीकत ऐका. शके सोळाशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सर. एक राज्य होते, त्याचे नाव घेत नाही, आणि त्या राज्यावर थोरल्या आईसाहेब नांदत होत्या, वय सत्तरीपार, देह भारदस्त, हसल्या म्हणजे सदर हाले, आणि न्याय ऐसा की वादी-प्रतिवादी दोघे समाधानाने घरी जेवावयास जात. आणि त्या राज्याची चाल ऐसी की पौषात आईसाहेबांच्या जन्मदिवशी त्यांची गुळाने तुला व्हावी, एका पारड्यात त्या, दुसऱ्यात ढेपा, आणि तो गूळ घरोघर वाटावा. मग रयत काय साधी होती? आईसाहेब जितक्या भरतील तितका गूळ, म्हणून आधीपासूनच आळीआळीतून ताटे गडावर चढत, अनारसे, पापड, खारातल्या मिरच्या, लोणची, आणि आईसाहेब कोणाचे मन मोडीत नसत. कपट नव्हते हो कोणाचे! पण मायेनेच घात मांडिला.

त्या साली दिवाळी सरली आणि आईसाहेबांचे डोके ठणकू लागले, कान वाजू लागले, मग धोंडभट वैद्य आले आणि नाडी धरिली आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "आईसाहेब, रक्ताचा दाब फार चढला. ही नाडी नव्हे, पागेतून सुटलेली घोडी आहे. पापड-लोणचे तोडा, मीठ आवरा, थोडे वजन उतरवा, रोज तटावरून फिरा. नाहीतर पुढल्या साली गूळ नको, तीळ लागतील." सदर गार पडली, कारण तीळ कशास लागतात ते पोरासोरांसही ठाऊक. आणि आईसाहेबांनी काय बोलावे? "भटजी, इतके वाईट आम्हांस तोंडावर कोणी बोलिले नव्हते. उद्याही या." वाहवा, याला म्हणतात काळीज!

मग आईसाहेबांनी जे केले ते त्यांनीच करावे. थोडे करणे हे त्यांस जन्मात जमले नव्हते. लढाईस निघाल्या तर अर्ध्या वाटेवरून फिरत नसत, तशाच उपासास निघाल्या, सकाळी ताक, सांजेला ताक, आणि मध्ये राज्यकारभार. गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या, आणि एके सकाळी तटाच्या पायरीवर पाय लटपटले आणि आईसाहेब कोसळल्या. धोंडभट धावत आले आणि अदब विसरून ओरडले, "हे कोणी सांगितले होते?"

"तुम्हीच. वजन उतरवा म्हणालात."

"थोडे म्हणालो! या वयात अंगावरचे मांस म्हणजे गडाची शिबंदी. शत्रू वेशीवर, आणि तुम्ही शिबंदीसच रजा दिली? दाब चढला तर म्हातारे माणूस जाते, आणि पार वाळले तर पहिल्याच तापात जाते. भाकरी खा, वरण खा, दूध घ्या, मीठ चिमटीत, औषध वेळेवर!"

आणि जी मान गनिमापुढे लवली नव्हती ती वैद्यापुढे लवली. "चुकलो आम्ही, भटजी."

मग अंग हळूहळू सावरले, पाय पुन्हा तटावर ठरू लागले, नाडी चालीवर आली, आणि पौष उजाडला. आईसाहेब पारड्यात बसल्या, तो मांडलेल्या ढेपा जड झाल्या, काढाव्या लागल्या, एक काढली, आणखी काढली, आणि रयत कुजबुजू लागली. तेलीआळीतली ठकूबाई, साठीची, अंगाने रांजण, तोंडाने तोफ, ती पुढे आली. "आईसाहेब, तुमी बारीक झालासा, आन् आमच्या लेकरांची तोंडं कडू केलीसा! एवढं पापड लाटलं ते कुणासाठी?"

आता आईसाहेब भिडेस पडल्या तर ताटे पुन्हा गडावर चढणार, आणि मग धोंडभटही काही करू शकत नव्हते. आईसाहेब पारड्यातूनच बोलिल्या, "ठके, खरे सांग. गूळ हवा की आम्ही?"

"दोन्ही हवं!"

"मग ये, बस शेजारी." आणि हात धरून तिला पारड्यात ओढिली! पारडे दाणकन खाली, ढेपा कमी पडल्या, कोठारातून गाडा मागवावा लागला, आणि रयतेने ऐसा जल्लोष केला की कबुतरे उडाली. आणि त्या गर्दीत धोंडभटांनी ठकूबाईचे मनगट धरिले, आणि पुन्हा तोच चेहरा. "बाई, ही घोडी तर आईसाहेबांच्या घोडीच्या पुढे आहे."

ठकूबाईचे हसू मावळले. "म्हंजी मी मरनार?"

"मरणार सगळेच. घाई करू नका इतकेच."

आईसाहेब म्हणाल्या, "उद्या सकाळी तटावर ये. नाही आलीस तर पालखी पाठवू, आणि बसवणार नाही, पालखीमागे चालवू."

आणि ती आली. मग पुढे चालच पडली की तुलेच्या दिवशी जो म्हातारा, जी म्हातारी नाडी दाखवील त्याने पारड्यात बसावे, आणि गूळ कधी कमी पडला नाही. आईसाहेब त्यानंतर पुष्कळ वर्षे सुखे नांदल्या आणि भरल्या वयात गेल्या. ठकूबाई तटावर चालतच राहिली. चौकीवाल्याने विचारिले, "म्हातारे, आता एकटीच?" तर म्हणे, "एकटी कुठली? त्या पुढं गेल्यात. त्यास्नी बिगीबिगी चालायची सवय हाय."

ऐसी आईसाहेबांची हकीकत. कमीजास्त ते माझ्या जिभेचे, थोरपण त्यांचे.